पुराचा नकाशा आणि माझी जाऊ

आमचं गाव चाळीसगावजवळ, नदीच्या वळणावर. पुराचं पाणी आमच्या खालच्या आळीत शिरलेलं मी दोनदा पाहिलंय. दुसऱ्या खेपेला सासूबाईंना पाठुंगळी घेऊन कंबरभर पाण्यातून मीच बाहेर काढलं. त्यामुळे गावात पुराचा धोका कुठे किती आहे हे बघायला जळगावहून सरकारी माणसं आली, तेव्हा ती मलाच विचारणार, असं मी धरून चालले होते.

गावातल्या बुद्धविहारात बैठक झाली. पाणी आधी कुठे शिरतं, असं साहेबांनी विचारल्यावर मी उठले. पण मला सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं. म्हैस दाव्याला कशी अडकली, दीर पत्र्यावर कसे चढले. साहेब मान हलवत होते, मग त्यांनी हळूच घड्याळाकडे पाहिलं. तेवढ्यात माझ्यामागून धाकटी जाऊ बोलली. कोणत्या घरात माणूस अंथरुणाला खिळलंय, बाळंतीण कुठे आहे, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, एवढंच. साहेब म्हणाले, "ताई, उद्यापासून तुम्ही आमच्याबरोबर फिरा."

ती सोनगीरकडची. तिच्या माहेरी उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो. आमच्याकडे आल्यापासून तिने एकही पूर पाहिला नव्हता, आणि ती आम्हाला पूर शिकवणार!

ती रोज त्यांच्याबरोबर दारोदार फिरू लागली. संध्याकाळी आबा, म्हणजे आमचे सासरे, तिला ओट्यावर बसवून घेत आणि आज कुठे गेलात, साहेब काय म्हणाले, असं विचारत. इतक्या वर्षांत आबांनी मला चहात साखर कमी का, याखेरीज काही विचारलं नव्हतं. मी आत भाकरी थापत ऐकायचे. एक भाकरी करपली, तरी मी तव्यावरून काढली नाही.

नकाशा तयार झाल्यावर पुन्हा बैठक बसली. पाणी वाढलं तर लोकांनी गिरणीमागच्या बोळातून शाळेकडे जायचं, असं जावेने दाखवलं. मला आनंदच झाला. तिथे नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि नदीचं पाणी यायच्याही आधी तो बोळ बंद होतो. मी भर सभेत उठून तसं सांगितलं. तिचा चेहरा उतरलेला मला बघायचा होता.

तिचा चेहरा उतरला नाही. "मग कथाईन जावानं, अक्का? तुमले काय वाटस?" तिने विचारलं. वरच्या मळ्याच्या बांधावरून जायचं, असं मी सांगितलं. तिने तिथल्या तिथे रेघ खोडून नवी ओढली. साहेब सगळ्यांना म्हणाले, असं ऐकून घेणारं माणूस गावाला मिळायला भाग्य लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिच्यासाठी. मी खाली बसले.

पावसाळ्यात नदी चढली. पाणी अजून ओट्याखाली होतं तोवरच तिने खालची आळी रिकामी केली. मी आबांचा हात धरला होता आणि ती पुढे चालली होती. बांधावरून आम्ही सगळे सुखरूप शाळेत पोचलो. मागे वळून पाहिलं तर गिरणीमागचा बोळ तुडुंब भरलेला. शाळेत चहा झाला. आबा कोणाला तरी सांगत होते, धाकट्या सुनेनं रस्ता बरोबर काढला म्हणून वाचलो.

"आबा, हाऊ रस्ता मी नही, अक्कानी दखाडा," ती म्हणाली. आबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग पुन्हा तिच्याकडे, जास्तच कौतुकाने.

मला बरं वाटायला हवं होतं. पण तिच्या जागी मी असते तर हे बोलले नसते, ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी तिच्यातलं मला सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हेच. मी आबांच्या पायांवर कांबळं टाकलं आणि चहाचे कप गोळा करू लागले. तीही उठली आणि माझ्या शेजारी बसून कप विसळू लागली.