शिशाची फौज आणि मारबत

माझ्या थोरल्या भावाच्या आयुष्यात राक्षस आले ते इंग्लंडहून, पार्सलने, कापसात गुंडाळून. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. तुमसरच्या पुढे एका मँगनीज खाणीच्या वसाहतीत आम्ही राहत होतो. भाऊ खाणीच्या ऑफिसात नकाशे काढायचा. मी तुमसरला शाळेत मास्तर होतो, आणि लग्न झालेलं नसल्यामुळे त्याच्याच क्वार्टरमध्ये वहिनीच्या हातचं खाऊन सुखात होतो.

नकाशे काढायचा म्हणालो, पण पार्सलं यायला लागली तोवर त्याचं ते काम सुटलं होतं. एका संध्याकाळी बाजारातून येताना तो सायकलवरून पडला आणि उजव्या कोपराचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण कोपरातली कुठलीशी नस दुखावली ती दुखावलीच. हातात पेन धरला की बोटं थरथरायची. शाईने सरळ रेघ ओढणं हीच ज्याची भाकरी, त्याच्या हाताला कंप म्हणजे गवयाचा घसा बसण्यासारखं. ऑफिसने त्याला काढलं नाही, हजेरीच्या खिडकीवर बसवलं. तिथे कामगारांचे बिल्ले घ्यायचे आणि शिक्के मारायचे. शिक्का थोडा वाकडा पडला तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. त्याचं नकाशाचं टेबल तसंच रिकामं होतं. हात सुधारला तर परत मिळेल, असं त्याला सांगितलेलं होतं, आणि तो त्या एका वाक्यावर जगत होता.

खाणीत एक तरुण इंजिनियर साहेब होते. एकटेच राहायचे. त्यांची बहीण इंग्लंडला दिलेली. ती त्यांना शिशाच्या बोटभर पुतळ्या पाठवायची. सैनिक होते, पण आपल्या ओळखीचे नव्हेत. कोणाच्या तोंडाला सुळे, कोणाच्या पाठीला पंख, हातात ढाल घेतलेले नुसते हाडांचे सापळे, एक लांब दाढीचा जादूगार. सोबत एक मासिक यायचं. आपल्याकडे टॉकीजला जसा नवा पिक्चर लागतो तसे तिकडे दर महिन्याला नवे राक्षस निघत, आणि त्यांचे रंगवलेले फोटो त्या मासिकात छापून येत. साहेब ते फोटो असे काही न्याहाळायचे की वधूपरीक्षेतही कोणी तसं न्याहाळत नसेल.

या पुतळ्यांच्या लढाया क्लबातल्या टेबलटेनिसच्या टेबलावर व्हायच्या. जाळी काढायची, मँगनीजची काळी ढेकळं मांडून डोंगर करायचे, सॉ मिलचा भुसा हिरवा रंगवून जंगल. पट्टीने मोजून फौज पुढे सरकवायची आणि लुडोच्या फाशाने कोण मेलं ते ठरवायचं. नियमांचं पुस्तक साहेबांकडे असे, आणि साहेब हरायला लागले की त्या पुस्तकात हमखास एखादा नवीन नियम सापडे. रविवारी भाऊ त्यांच्याविरुद्ध खेळायचा. मी बाजूला बसून भजी खायचो. मला हा सगळा प्रकार रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी यातलाच वाटे, आणि मी तसं बोलूनही दाखवत असे.

पुतळ्या रंगवायच्या असत. साहेबांना तो धीर नव्हता. त्यांनी एक पार्सल भावाच्या हवाली केलं आणि म्हणाले, "जमेल तसं करा. बिघडलं तर राक्षसच आहेत, कोण ओळखणार?"

पहिल्या पुतळ्या खरोखरच कोणी ओळखल्या नसत्या. पण भाऊ चिकट माणूस. त्याने आपली पद्धत काढली. औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या बुचावर पुतळी मेणाने चिकटवायची. उजवं मनगट टेबलाच्या कडेवर दाबून धरायचं, ब्रश हलू द्यायचा नाही, आणि डाव्या हाताने बाटली फिरवायची. म्हणजे ब्रश पुतळीकडे जात नसे, पुतळीच ब्रशकडे येई. आधी लोखंडाला मारतात ते लाल अस्तर, मग पाट्या रंगवणाऱ्यांचा ऑइलपेंट. शेवटी रॉकेलमध्ये डांबराचा थेंब पातळ करून वरून फिरवायचा. तो खाचाखोचांत उतरला की चिलखताच्या कड्या वेगवेगळ्या दिसायला लागत. क्वार्टरमध्ये रॉकेलचा वास इतका भरलेला असे की वहिनी म्हणायची, "एखाद दिवशी काडी ओढली तं अख्खी क्वार्टरची लाइन उडून जाईन."

पण ती त्याला थांबवत नसे. कारण हात बदलत होता. हे मी मानायला तयार नव्हतो, तरी दिसत होतं. कपाटावर पुतळ्या ज्या क्रमाने रंगल्या त्या क्रमाने मांडलेल्या होत्या. डावीकडून उजवीकडे नजर फिरवली की रंग रेषेच्या आत येत गेलेला दिसे.

रोवणी आटोपली आणि आई गावाहून आली. धान शेतात लागलं की तिला पोराची आठवण अनावर व्हायची. तिने आधी जादूगाराला ऋषी समजून त्याच्यापुढे हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या सापळ्यांवर नजर गेली तशी तिने हात मागे घेतला.

"काहून रे बाबू, हे हाडकं घरात कायले ठेवून राहिला?"

"साहेबाचे आहेत, माय. रंगवाले देले."

"साहेबाच्या घरी ठेव ना मंग. मीन आजवर आयकलं नाही, कोनी भूतं रंगवून घरात ठेवते म्हनून. हेच तुझा हात हलवून राहिले."

भाऊ हसला. मीही हसलो. आई हसली नाही. रोज सकाळी ती त्याचा हात मांडीवर घेऊन तेल चोळायची आणि मधूनमधून कपाटाकडे बघायची.

त्याच सुमारास नवीन पार्सल आलं. त्यात एक म्हातारी चेटकीण होती, खांद्यावर घुबड घेतलेली. मासिकात तिचा अख्खा पानभर फोटो होता. साहेब म्हणाले, "हिचे डोळे नीट रंगवा. मी ही मॅनेजरच्या टेबलावर ठेवतो आणि सांगतो, हा हात बघा. पोळा झाला की लगेच." मॅनेजरांचा बोलण्यावर विश्वास नव्हता, पण डोळ्यांनी पाहिलेलं ते मानायचे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी, वसाहतीत बैलांच्या शिंगांना बेगड लागत असताना, भाऊ चेटकिणीला घेऊन खिडकीत बसला. मी समोर पेपर वाचत होतो. त्याने मनगट टेबलावर दाबलं नाही. बाटली फिरवली नाही. हात मोकळा हवेत धरला, ब्रश नेला आणि दोन्ही डोळ्यांत बुबुळं ठेवली, सुईच्या टोकाएवढी. मग ब्रश खाली ठेवून तो स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मी पेपर बाजूला ठेवला. मला फार आनंद झाला, आणि तो आनंद मी कसाबसा "बरी जमली" एवढ्यात उरकला. चेटकीण वाळायला खिडकीतच ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत. पहाटे घर झाडून, पोळ्याला दारात लावलेल्या पळसाच्या फांद्या उचलून, घरातलं मोडकंतोडकं, आजाराचं, अशुभ ते सगळं शिवेबाहेर नेऊन टाकायचं. "ईडा पिडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत" म्हणत लोक जातात आणि परतताना मागे वळून बघत नाहीत. भाऊ पहिल्या पाळीला गेला होता. वहिनी नळावर होती. मी झोपलो होतो.

उठलो तेव्हा आई पाय धुऊन आत येत होती. हातात रिकामं सूप होतं. कपाट रिकामं होतं. खिडकीही.

"माय, पुतळ्या कुठं आहेत?"

"लावून देल्या मारबतीसंग. नाल्यात." तिचा चेहरा असा उजळलेला मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. "आता हात ठीक होईन त्याचा."

मी नाल्यावर धावत गेलो. पुलाखालून गढूळ पाणी भरून वाहत होतं. शिसं तरंगत नसतं. मी काठावर उभा राहून आईला मनातल्या मनात जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

भाऊ दुपारी आला. कपाटाकडे बघितलं, मग खिडकीकडे. आईने त्याला तेच सांगितलं. मी वाट बघत होतो की तो आता बोलेल. तो खाली बसला, चपला काढल्या आणि म्हणाला, "बरं केलं, माय."

साहेबांना त्याने खरं ते सांगितलं. ते आधी चिडले, मग हसले, मग म्हणाले, बहिणीला लिहितो, दुसरी मागवू. ती आलीसुद्धा. भावाने घेतली नाही. मी त्याच्याशी भांडलो. म्हटलं, क्लबात बसून रंगव, आईला कशाला कळतंय.

"कळन," तो म्हणाला. "वासानंच कळन. अन् मंग हात कधी हलला तं माय म्हणन, मीन धाडलेलं यानंच वापस आनलं. किंवा म्हणन का मारबतबी फुकट गेली. दोन्हीतलं काय आयकू तिच्या तोंडून?"

मी म्हणालो, आणि टेबल? तो चपला घालून हजेरीच्या खिडकीकडे निघाला. आई दिवाळीपर्यंत राहिली. तोवर ब्रशाला हात लागला नाही आणि बोटं पुन्हा पहिल्यासारखी थरथरायला लागली. हिवाळ्यात साहेबांची बदली झाली, नकाशाच्या टेबलावर नागपूरचा एक नवा माणूस येऊन बसला, आणि भाऊ हजेरीच्या खिडकीवर शिक्के मारत रिटायर झाला.

आई दर वर्षी रोवणीनंतर यायची. हात बरा झाला हे तिने गावभर सांगितलं होतं आणि आल्यावर ती स्वतः खात्री करून घ्यायची. तो चहा पीत असला की समोर बसून त्याच्या कपाकडे बघायची, आणि शेजारणीला दाखवायची, "पाहा वं, एक थेंब सांडत नाही." वहिनी त्याला अर्धाच कप भरून द्यायची. कोणी तिला तसं सांगितलेलं नव्हतं. उरलेला अर्धा तो मागून आत जाऊन प्यायचा, चुलीजवळ उभ्याने, कप दोन्ही हातांनी धरून.