दापोली रोड

आमच्या ह्यांना कोणाच्या बंगल्याचा, आंब्याच्या कलमांचा किंवा पगाराचा हेवा कधी वाटला नाही. वाटला तो रेल्वेच्या पाटीचा. हे म्हणजे गोपाळकृष्ण, दापोलीतल्या एका कचेरीत हेडक्लार्क. १९९८ साली कोकणातून लांबच्या गाड्या धावू लागल्या त्या खेडवरून, आणि दापोली राहिली बाजूला. त्यात माझी धाकटी बहीण मैना खेडलाच दिलेली. तिचे यजमान मुकुलराव, औषधांचे दुकानदार, म्हणजे ह्यांचे साडू. मुंबईला जायचं तर एसटीने खेडला जायचं, त्यांच्याकडे चहा घ्यायचा आणि मग गाडी. त्या चहाबरोबर मैना दर वेळी म्हणणार, "आमच्याकडे बाई गाडीची सोय झाली." माझ्याही पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू? पण हे मात्र परतीच्या एसटीत घाट संपेपर्यंत धुमसत राहायचे.

ह्यांचं खरं दुखणं होतं 'रोड' या शब्दात. गाव रुळांपासून लांब असलं की रेल्वे गावाच्या नावापुढे रोड जोडते. राजापूर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. "तिथे तरी गाडी कुठे गावात जाते? पण पाटीवर नाव लागलं ना! मग आमच्याच वेळी काय रंग संपला होता?" हे मलाच विचारायचे. जणू पाट्या मी रंगवल्या होत्या.

पुढे आमच्या लेकीसाठी, अपूर्वासाठी घरात कॉम्प्युटर आला आणि तिच्यापेक्षा हेच त्याच्यापुढे बसू लागले. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात कोणीही लिहू शकतं हे कळल्यावर ह्यांनी कोकणातली स्टेशनं लिहायला घेतली. लिहायचे मात्र झकास. सगळे लेख एका साच्यातले. आधी नाव, तालुका, जिल्हा, मग मार्ग, मग अलीकडचं आणि पलीकडचं स्थानक, शेवटी जवळची गावं. एकदा 'स्थानक' म्हटलं की शेवटपर्यंत स्थानकच, मध्येच स्टेशन नाही. कोणी 'निसर्गरम्य' लिहिलं की हे तो शब्द उडवायचे. "फलाट किती ते सांग म्हणावं, निसर्ग काय तिकिटावर मिळतो?" आणि सगळ्यांना बजावलेला नियम एकच, आधार नसेल तर वाक्य ठेवायचं नाही.

नेमका खेडचा लेख मुकुलरावांनी लिहिला. ह्यांच्याच साच्यात, स्वच्छ, नेटका. लोकांनी कौतुक केलं. मीही "बरा लिहिलाय हो" म्हटलं, तर हे आमटीत मीठ नाही म्हणून ताटावरून उठले. आमटीत मीठ होतं.

मग ह्यांनी त्या लेखात एक वाक्य घुसडलं, 'हे स्थानक दापोली रोड या नावानेही ओळखले जाते.' मुकुलरावांनी ते काढलं आणि शेजारी एकच शब्द लिहिला, 'आधार?' ह्यांचाच नियम ह्यांच्याच गळ्यात. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मुकुलराव फिरकत नसत अशा दापोलीच्या पानावर जाऊन ह्यांनी लिहून टाकलं, 'जवळचे रेल्वे स्थानक: दापोली रोड.' खेडचं नावच नाही. त्या दिवशी ताक दोनदा मागून प्यायले.

पुढच्याच वर्षी अपूर्वाला बघायला डोंबिवलीची मंडळी यायची ठरली. स्थळ चांगलं होतं, अपूर्वाच्याही मनात होतं. फोनवर ह्यांनी मोठ्या दिमाखात सांगितलं, "कुठे उतरायचं, कसं यायचं, सगळं इंटरनेटवर आहे. दापोलीचं पान वाचून या." आणायला मुकुलराव आपली गाडी घेऊन खेडच्या फलाटावर उभे राहणार होते, कारण गाडी आमच्याकडे कुठली?

मंडळी खेडला उतरलीच नाहीत. दापोली रोडची तिकिटं मिळाली नव्हती म्हणून त्यांनी चिपळूणपर्यंतची काढली होती आणि वाटेत दापोली रोडची पाटी शोधत बसली होती. खेड आलं, खेड गेलं. चिपळूणहून फोन आला तेव्हा ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचं लग्न ह्यांच्या एका शब्दावर अडकलं होतं, आणि तो शब्द ह्यांना ठाऊक होता, मला ठाऊक होता आणि मुकुलरावांना कळायला वेळ लागणार नव्हता.

मुकुलराव तसेच चिपळूणला गेले आणि मंडळींना घेऊन आले. पोह्यांचा दगड झाला होता. मुलाचे वडील आत येता येताच म्हणाले, "ते दापोली रोड लिहिणारा भेटला पाहिजे एकदा!"

हे उभेच.

"भेटलाय की. मीच तो," मुकुलराव म्हणाले. "खेडवाले आम्ही, दापोलीला आमचंच स्टेशन धरतो. चुकलं माझं."

मंडळी खो खो हसली. हसण्यात राग विरला, पोहे गरम झाले, आणि निघताना होकारही मिळाला. मी मुकुलरावांना हात जोडले. हे मात्र कॉम्प्युटरपुढे बसले आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'जवळचे रेल्वे स्थानक: खेड.'

वाटलं, आता तरी मिटलं. पण लग्नात व्याही मुकुलरावांचा हात धरून मांडवभर फिरत होते. "ओळखलंत का? हे आमचे दापोली रोडवाले काका!" जो तो हसत होता, त्यांना नमस्कार करत होता. डोंबिवलीची पोरंटोरंसुद्धा 'दापोली रोड काका' म्हणून त्यांच्या मागे लागली होती.

हे मुलीचे बाप, हातातल्या अक्षता हातातच राहिलेल्या. मला वाटलं, पोर सासरी चालली म्हणून डोळे भरलेत. मी जवळ गेले तर हे हळूच म्हणाले,

"अगो, ते नाव माझं होतं."