टोपीतली सुई

सोनाळ्यापुढच्या डोंगरात आमचा गट चालायला जातो, तेव्हा यादी करून भरलेला औषधांचा डबा माझ्याकडे असतो. तरी पायाला फोड आला की सगळे आमच्याबरोबर चालणाऱ्या, धाड गावच्या भाजीवाल्या भाऊंकडे जातात. माझे यजमानसुद्धा. भाऊ टोपीत खोवलेली सुई काढतात, काडी पेटवून तापवतात, फोडातून दोरा ओवतात आणि तसाच ठेवतात. "पानी निथरू द्या. कातडं नोका काढू."

परवा माझ्याच टाचेला फोड आला. मी न लंगडता चालत राहिले.

"ताई, काऊन लपवून राह्यल्या? बसा."

दोरा ओवून झाल्यावर त्यांनी माझ्याच डब्यातलं मलम मागितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताईच्या डब्याबिगर माही सुई बेकार हाये."

टाच हलकी झाली. त्यांच्यावर चिडायला आता कारणच उरलं नव्हतं. त्याचीच चीड मला घरापर्यंत पुरली.