बऱ्या गुडघ्याचा माणूस घरी सापडत नाही

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी. हे मी कुठेही सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. त्या डिग्रीवर नोकरी मिळाली ती लोकांचं चालणं मोजायची. सरकारी पैशातून मूळ पेशींवर संशोधन झालं होतं. झिजलेल्या गुडघ्यांत त्या पेशींचं इंजेक्शन देऊन पाहिलं होतं. त्या पैशाचं फळ काय निघालं, हे बघायला मी शहाद्याहून एसटीने गावोगाव फिरायची. माणूस ठरलेल्या वेळात किती चालतो ते मोजायचं आणि वर कळवायचं.

तापीकाठच्या एका गावात केळीवाले दोन भाऊ होते. थोरल्याला इंजेक्शन मिळालेलं. गुडघे धाकट्यांचेही गेलेले, पण त्यांचा नंबर लागला नव्हता. निकाल चांगले आले तरच पुढच्यांना मिळणार होतं, आणि ते त्याच आशेवर होते. माझ्या आधीच्या माणसाने मात्र कळवलं होतं, फरक नाही, उलट जास्तच बिघाड.

मी गेले तेव्हा ओट्यावर एक काका पाय पसरून बसलेले. इंजेक्शन कुठल्या गुडघ्यात, मी विचारलं.

"दोन्ही दुखतस. तुम्हले जो पाहिजे तो लिखा."

"काका, दिलंय तो सांगा."

"ते दादाना गुडघाले देल शे."

"मग दादा कुठे?"

"वावरमा. त्याना गुडघा बरा हुई ग्या, मंग तो घर कसाले बशी?"

"आणि मागे मोजायला आले तेव्हा कोण चाललं?"

"मीच. रेशनले मीच जास, ग्रामसभाले बी मीच. घरमाईन एक माणूस लागस ना?"

मी कपाळाला हात लावला. "काका, तुमच्या चालण्याने तुमचंच इंजेक्शन अडलंय."

ते पायाने चप्पल चाचपू लागले. "चाल पोरी. दादाले उभा करू."

त्यांच्या गुडघ्यांनी वावर गाठायला वेळ लागला. थोरले काका केळीचा घड खांद्यावर घेऊन तरातरा ट्रॅक्टरकडे निघाले होते. माझं म्हणणं ऐकून ते थांबले. "बिगर कामनं इकडून तिकडे चालू? लोक म्हनतीन, याड लागनं."

"मन्हाकरता चाल," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी घड खाली ठेवला. मी दोन खुणा केल्या, घड्याळ लावलं, आणि हा माणूस पहिल्याच पावलाला लंगडला. घड कापायचे सोडून सगळे मजूर बघत उभे.

"दादा, सीधा चाल. लंगडानं काम मन्हं शे."

थोरले माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "इतला लोकेस्नी नजर शे. बरा शे असं लिखशी, अन् सकाय गुडघा बठी ग्या तर?"

आता यावर विद्यापीठात काही शिकवलेलं नव्हतं. मी मजुरांना तोंडं फिरवायला सांगितली. फिरवली, हसत का होईना. धाकटेही केळीकडे तोंड करून उभे राहिले.

"अन् तुन्ही नजर?" थोरल्यांनी विचारलं.

"माझी सरकारी आहे काका. ती लागत नाही."

त्यांना ते पटलं. मी पुन्हा घड्याळ लावलं. ओळीने उभ्या पाठींसमोरून ते चालू लागले.

"चाली ऱ्हायना का?" धाकट्यांनी न वळता विचारलं.

"चालतायत."

"सीधा?"

"सीधे."

"मंग जरा जोरमा चाल ना, दादा."