जोड्या बदललेला जिना

"माझ्या हातचा जिना डुलत नाही," असं सुतारकाका येताजाता म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या पुतणीने शाळेसाठी डीएनएचा लाकडी नमुना त्यांनाच करायला दिला. तोही गोल जिन्यासारखाच. डीएनएच्या चार घटकांपैकी अ‍ॅडेनिन आणि ग्वानिनचे तुकडे लांब, थायमिन आणि सायटोसिनचे आखूड, आणि दोन तुकडे मिळून एक पायरी. काकांनी सुताराच्या सवयीने सारख्याला सारखा तुकडा जोडला. जिना मध्ये फुगला, वर आवळला आणि उभा करताच डुलला. काकांचा चेहरा उतरला.

"काका, अ‍ॅडेनिन थायमिनशीच जुळतं आणि ग्वानिन सायटोसिनशी," पुतणी म्हणाली. "लांबाबरोबर आखूड."

काकांनी कारखान्याच्या दारातल्या उंच काकूकडे मान वर करून पाहिलं. "म्हणजे आमच्यासारखं! मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही कधी कुणाला विचारलंय?" काकू म्हणाली.

दुपारपर्यंत काकांनी जोड्या बदलल्या. जिना ताठ उभा राहिला. त्यांनी खांद्याने रेटून पाहिला, तरी हलला नाही. मग काकूच्या खांद्याला लागणारे काका तिच्या बरोबरीने ऐटीत घराकडे निघाले, आणि पुतणी दारात उभी राहून ती जोडी वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली.