दाराखालचे पंजे

आज सकाळी माझ्या खोलीच्या दाराखालच्या फटीतून दोन केसाळ पंजे आत आले आणि फरशी खरवडू लागले. पंजे सुभेदारचे. हा आमचा, खरं तर ह्यांचा, केर्न टेरियर. हे गेल्यापासून मी दार लावून आत बसते आणि तो बाहेरून भुंकत राहतो.

"वहिनी, एवढासा जीव, पण हट्ट केवढा!" बाहेरून नणंदेचा आवाज आला. "मी नेते याला संगमनेरला. शेतावर उंदीर मारील, तुम्हालाही शांतता मिळेल."

"बघू, वन्सं," मी आतूनच म्हणाले.

या जातीबद्दल ह्यांनीच मला वाचून दाखवलं होतं. स्कॉटलंडच्या डोंगरांत दगडांच्या राशी असतात, त्यांना केर्न म्हणतात. त्यांच्या सांदीत कोल्हे दडून बसत. फटीत मावणारा, अंधाराला न भिणारा आणि दडलेलं जनावर बाहेर पडेपर्यंत न हटणारा कुत्रा तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासला. सुभेदारने ते डोंगर कधी पाहिले नाहीत. पण आत कुणी दडून बसलंय, एवढं त्याला पुरतं. दुःखातल्या माणसाच्या दारावरून लोक हलक्या पावलांनी निघून जातात. याच्या रक्तात ती रीतच नाही.

मी दार उघडलं. त्याने उड्या मारल्या नाहीत. अंग झटकलं आणि सरळ फाटकाकडे निघाला.

"वन्सं, याचा पट्टा कुठे आहे?"

"म्हणजे नेऊ ना मी?"

"नको. आम्ही दोघं फिरून येतो. तुम्ही चहा टाका."