अनसूयाबाईंचा जुलैतला फोन

अणदूरच्या आरोग्य केंद्रात अनसूयाबाईंनी अख्खी नोकरी काढली. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही. सगळ्यांच्या त्या ‘सिस्टरबाई’. लग्न केलं नाही. भाऊ-भावजय अपघातात गेले, तेव्हा लहानग्या मुकुलला घरी आणलं, वाढवलं, इंजिनिअर केलं. तो पुण्यात नोकरीला लागला, लग्न झालं, लेक आरोही झाली आणि तो तिथलाच झाला. निवृत्तीनंतर बाई दोन खोल्यांत एकट्याच राहिल्या.

फंडाचे पैसे त्यांनी बँकेत ठेवीत टाकले होते. व्याजातून बँक कर कापून घ्यायची. खरं तर कर लागावा एवढं बाईंचं उत्पन्न नव्हतंच. जुलैअखेरपर्यंत रिटर्न भरला की कापलेले पैसे परत खात्यावर यायचे. ते काम मुकुल पुण्यात बसून करायचा. फक्त शेवटी बाईंच्या मोबाइलवर ओटीपी यायचा. तो विचारायला मुकुल फोन करायचा.

दिवाळी-दसऱ्याला त्याचा मेसेज यायचा. फोन मात्र जुलैतच.

“आत्या, ओटीपी आलाय बघ. पटकन सांग, नाहीतर वेळ संपते त्याची.”

बाई चष्मा लावून सावकाश एकेक आकडा वाचायच्या. मधेच विचारायच्या, “जेवलास का रे? आरोहीचा दात पडला म्हणं?”

“हो, पडला. पुढचा आकडा?”

एका वर्षी त्यांनी शेवटचा आकडा मुद्दाम चुकीचा सांगितला. पुन्हा ओटीपी मागवावा लागला. तो येईपर्यंत आरोहीच्या शाळेचं कळलं, सुनेच्या पाठदुखीचं कळलं. फोन ठेवल्यावर बाईंना स्वतःचीच लाज वाटली. पण त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या.

यंदा जुलै सरत आला तरी फोन नाही. शेवटी बाईंनीच लावला.

“अगं आत्या, विसरलोच! इथं कामाचा नुसता ढीग पडलाय. तिथं कुणी भरून देईल ना?”

बसस्टँडजवळ शिवप्रियाचं ऑनलाइन सेवा केंद्र होतं. बाई पॅनकार्ड, आधार, पासबुक घेऊन गेल्या. शिवप्रियानं खुर्ची पुढं केली, भराभर सगळं भरलं, बँकेचं खातं तपासलं. “नाव जुळतंय, खातं चालू हाय. पैसे अडकायचे न्हाईत.” ओटीपी आला. बाईंनी तो एका दमात, बिनचूक सांगितला.

“झालं?”

“झालं की. आता तिकडं तपासत्यात, आन् मग पैसे सरळ खात्यात. कवा आठवड्यात येत्यात, कवा महिना बी लागतोय.”

“एवढंच?”

“एवढंच. आनखी काय असतंय, सिस्टरबाई?”

बाई उठल्या. बाहेर बस लागली होती, माणसं चढत होती. त्या उगाचच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

पुढं एका दुपारी त्या तूर निवडत बसल्या होत्या, तेवढ्यात मोबाइल वाजला. पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज. कुणाला तरी सांगावं म्हणून त्या शेजारच्या इरम्माच्या दाराशी गेल्या. दाराला कुलूप, ती लेकीकडं गेली होती. मग त्यांनी मुकुलला फोन लावला.

“अरे वा! बघ किती सोपं असतं. आता दरवर्षी तिथूनच करत जा, माझ्यासाठी थांबू नको.”

बाई म्हणाल्या, “करीन की. पण मुकुल, तू फोन करत जा. काम नसलं तरी.”



“हो गं आत्या. करतो ना.”

दोन रविवार त्यानं आठवणीनं फोन केला. तिसऱ्याला कुठं तरी कार्यक्रम होता, त्यानंतर राहूनच गेलं. बाईंनी मनात राग धरला नाही. त्या आता स्वतःच रविवारी व्हिडिओ कॉल लावतात. बहुतेक वेळा आरोही उचलते. “बाबा आंघोळीला गेलाय,” म्हणते आणि मोबाइल घेऊन घरभर पळते. बाईंना पडदा दिसतो, फ्रीज दिसतो, पाठमोऱ्या सुनेचा पदर दिसतो. मग पोर मोबाइल सोफ्यावर टाकून खेळायला निघून जाते. छतावरचा पंखा फिरत असतो, आतून भांड्यांचा आवाज येत असतो, कुणीतरी हसतं. कुणाच्या तरी लक्षात येऊन फोन बंद होईपर्यंत बाई तो पंखा बघत बसतात.